इजा, बिजा, तिजा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



‘राज्यासाठी इजा-प्रतिबंधाचा कार्यक्रम कसा आखावा’ या विषयावर बोलायला एका कवीला का बोलावलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही, सरकारी अधिकारीही नाही. बी. ए. झालो आणि पुढची सगळी वर्षं शब्दांशी झटापट करण्यात गेली. पण या विषयाचे कागद वाचायला घेतले तेव्हा लक्षात आलं, की गाडी शब्दापाशीच अडलेली आहे. मरण आपण कोणत्या शब्दात सांगतो, यावर ते टाळण्यासाठी कुणी हातपाय हलवणार की नाही, हे बरंचसं ठरून जातं.

आपला रोजचा शब्द आहे ‘अपघात’. रस्त्यावर माणूस गेला, अपघात. विहिरीत पोर बुडालं, अपघात. कडबाकुट्टीत बोटं गेली, तोही अपघात. आणि हा शब्द उच्चारला की पुढची वाक्यं ठरलेली असतात. ‘काळ आला होता.’ ‘दिवसच घातवार होता.’ ‘घडायचं ते टळत नाही.’ आमच्या घरी जी दखनी बोली चालते तिच्यात म्हणतात, ‘कजा आई थी.’ भाषा वेगळी, पण सुस्कारा टाकून विषय मिटवण्याची रीत एकच.

दुसरा शब्द आहे ‘इजा’. हा अरबीतून निघाला, फारसीच्या वाटेनं मराठीत आला आणि पोलिसांच्या, दवाखान्याच्या कागदांवर कायमचा वस्तीला राहिला. ‘किरकोळ इजा’, ‘गंभीर इजा’. गंमत अशी, की मराठीत आणखी एक ‘इजा’ आहे. ‘इजा, बिजा, तिजा’ या मोजणीतली. दोघींचं कूळ वेगळं, पण कानाला त्या एकच वाटतात. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, आता तिसऱ्यांदाही होणार, असं सांगायला आपण ती मोजणी वापरतो. माझं आजचं सगळं म्हणणं या तीन शब्दांत आहे. इजा एकटी येत नाही. ज्या विहिरीला कठडा नाही म्हणून एक पोर गेलं, ती विहीर दुसऱ्या दिवशीही तशीच उघडी असते. बिजा तिथेच व्हायची असते. तिजा होऊ नये म्हणून जी तयारी करायची, तिला प्रतिबंधाचा कार्यक्रम म्हणायचं.

तुम्ही म्हणाल, घडणारं आधी कसं कळणार? चला, वर्षाचं पंचांगच मांडून बघू.

जानेवारीत संक्रांत. पतंग उडतात आणि दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळे नायलॉनच्या मांजानं कापले जातात. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली. तरी दर संक्रांतीला तो कुठून तरी येतोच. एप्रिल-मे म्हणजे शाळांना सुट्टी आणि अंगाची काहिली. मुलं विहिरी, कालवे, तळी गाठतात. त्याच दिवसांत वळवाचा पाऊस येतो आणि झाडाखाली उभ्या असलेल्या माणसांवर, जनावरांवर वीज पडते. जून उजाडला की पेरणी आणि साप. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते. तिचा चावा बहुतेक वेळा दुखतही नाही, त्यामुळे माणूस तसाच झोपून राहतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी. दिवाळीत भाजणं. त्यानंतर उसाचा हंगाम, म्हणजे अंधाऱ्या रस्त्यावर मागे दिवा नसलेल्या, परावर्तक पट्टी नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, आणि त्यांच्यावर आदळणारे मोटरसायकलवाले.

या पंचांगात काळाचा हात कुठे आहे? कामाची वेळ आहे, शाळेची सुट्टी आहे, हवामान आहे, बाजारातून आणलेली वस्तू आहे. जे महिन्यावार आणि जागेवार सांगता येतं, त्याची तयारीही महिन्यावार आणि जागेवार करता आली पाहिजे. आपण पंढरीच्या वारीची तयारी करतो, परीक्षांची करतो, निवडणुकांची करतो. मग याचीच का नाही?

एक प्रसंग सांगतो. आमच्या भागात एका शेततळ्यात दोन चुलतभाऊ बुडाले. धाकटा पाय घसरून आत गेला, थोरला त्याला काढायला गेला. मी दहाव्याला गेलो होतो. घाटावर जो तो एकच बोलत होता, ‘दोघांचा काळ एकदमच आला.’ मुलांची आजी मात्र तसं म्हणत नव्हती. ती माझ्याशी बोलली. म्हणाली, ‘पोरांना पवता येत व्हतं, भाऊ. पर कागदावर पायच ठरला न्हाई.’

ज्यांनी शेततळं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तळ्यातलं पाणी जमिनीत मुरू नये म्हणून आत प्लॅस्टिकचं जाड अस्तर घालतात. गावाकडे त्याला ‘कागद’ म्हणतात. तळ्याच्या बाजू उतरत्या असतात. कागदावर शेवाळ धरलं की तो साबणासारखा होतो. पोहणारा माणूसही काठापर्यंत येतो, पण वर चढू शकत नाही. तो घसरतो, पुन्हा चढायला बघतो, पुन्हा घसरतो. शेवटी दमतो. त्या आजीनं एका वाक्यात जे सांगितलं, ते शंभर पानांच्या अहवालात सांगता आलं नसतं. तिनं मरणाचं कारण सांगितलं. काळाचं नाव घेतलं नाही, कागदाचं घेतलं.

परत येताना मी रस्त्यालगतची शेततळी बघत आलो. तीन दिसली. एकालाही कुंपण नव्हतं. एकातही धरायला दोर सोडलेला नव्हता. जागोजाग गाठी मारलेला जाड दोर चारही कोपऱ्यांना खुंटीला बांधून पाण्यात सोडला, हवा भरलेली एक-दोन जुनी ट्यूब तरंगत ठेवली, काठाभोवती तारेचं कुंपण घातलं, तर पडलेला माणूस वर येऊ शकतो आणि लहान मूल मुळात काठापर्यंत जात नाही. दोर किती रुपयांना मिळतो, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही.

शेततळं ही वाईट गोष्ट आहे, असं मी म्हणत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला त्यानं आधार दिला. २०१६ मध्ये सरकारनं ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली आणि पाण्यासाठी तळमळणाऱ्या गावांनी ती उचलून धरली. माझं म्हणणं इतकंच, की खोदाई झाली का, मापं बरोबर आहेत का, हे बघायला सरकारी माणूस बांधावर जातोच. त्याच खेपेत दोर आणि कुंपण आहे का, हे त्यानं बघावं. आणि ते नसेल तर अनुदानाचा शेवटचा हप्ता थांबवावा. या एका अटीसाठी नवं खातं लागत नाही.

आता या मरणानंतर पुढे काय होतं, ते बघा. पंचनामा होतो. हा शब्दही मोठा छान आहे. ‘पंच’ आपल्या मातीतले आणि ‘नामा’ फारसीतला. दोघांचा संसार शेकडो वर्षं सुखानं चालला आहे. पंच येतात, जागा बघतात, लिहितात, सही-अंगठा होतो. ते कागद तहसीलला जातात. शेतकरी कुटुंबासाठी राज्याची अपघात योजना आहे. आधी ती विम्याच्या रूपात होती, २०२३ मध्ये तिचं सानुग्रह अनुदानात रूपांतर झालं. मृत्यू झाला तर दोन लाख रुपये. ही मदत हवीच. ज्या घरातला कर्ता गेला, त्याला दोन लाख म्हणजे सावकारापासून सुटकेचा एक श्वास असतो.

पण या योजनेत कोणकोणती मरणं धरली आहेत, ती यादी जरा वाचा. रस्त्यावरचा आणि रेल्वेचा अपघात. पाण्यात बुडणं. कीटकनाशकाची विषबाधा. विजेचा धक्का. अंगावर वीज पडणं. उंचावरून पडणं. साप आणि विंचू चावणं. जनावराचा हल्ला. श्रोतेहो, इजा-प्रतिबंधाच्या कार्यक्रमात जी यादी पहिल्या पानावर असायला हवी, ती हीच. म्हणजे राज्याला ठाऊक आहे, की खेड्यातला माणूस कशानं मरतो. तालुक्या-तालुक्यात फायली आहेत. प्रत्येक फायलीत गाव आहे, तारीख आहे, वेळ आहे, कारण आहे. पण चेक निघाला की फाईल बंद होते. त्या फायली एकत्र ठेवून, ‘या तालुक्यात तीन वर्षांत किती जण बुडाले, कुठे बुडाले, कशात बुडाले,’ हा प्रश्न विचारणं कुणाच्याही कामात लिहिलेलं नाही. पंचनाम्याला पुढचं पान हवं आहे. त्या पानावर एकच प्रश्न असावा: हे पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचं, कुणी आणि किती तारखेपर्यंत?

हा विचार नवा नाही. विल्यम हॅडन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. १९६६ मध्ये तिथल्या केंद्र सरकारनं रस्ता-सुरक्षेसाठी वेगळं खातं काढलं, त्याचे ते पहिले प्रमुख. हिवतापाकडे आपण जसं बघतो, डबकं, डास, माणूस, तसंच इजेकडे बघावं, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी एक साधा तक्ता मांडला. घटना घडण्याआधी, घडताना आणि घडल्यानंतर, असे तीन टप्पे. आणि प्रत्येक टप्प्यात माणूस, वस्तू आणि परिसर यांत काय बदलता येईल, ते लिहायचं.

शेततळ्याला हा तक्ता लावून बघा. आधी: कुंपण, मुलांना पोहायला शिकवणं. घडताना: गाठींचा दोर, तरंगती ट्यूब. नंतर: छातीवर दाब देऊन आणि तोंडानं श्वास देऊन जीव वाचवण्याची रीत गावातल्या दहा माणसांना येणं, आणि १०८ ला फोन. एका तक्त्यात पाच-सहा जागा सापडतात, जिथे हात घालता येतो. आपण मात्र सगळ्याच्या सगळ्या जागा सोडून ‘काळ’ या एका शब्दावर बोट ठेवतो.

हे आपल्याकडे जमेल का? काही ठिकाणी जमलेलं आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग घ्या. साधारण ९४ किलोमीटरचा रस्ता. २०१६ मध्ये त्या एका रस्त्यावर १५१ माणसं मेली. त्याच वर्षी सेव्ह लाइफ फाउंडेशन या संस्थेनं रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांबरोबर, हा रस्ता मृत्यूमुक्त करायचा, असं ठरवून काम सुरू केलं. त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर अपघाताच्या जागी जाऊन प्रत्येक घटनेची नोंद आणि तपास केला. तेव्हा दिसलं, की कडेला उभ्या केलेल्या ट्रकवर मागून गाड्या आदळतात. कठड्याविना उघड्या असलेल्या काँक्रीटच्या भिंतींवर, खांबांवर आदळतात. मग कठडे लावले, उघडी टोकं झाकली, खुणा रंगवल्या, उभ्या ट्रकांवर कारवाई झाली. २०१९ मध्ये मृत्यूंचा आकडा शंभराच्या आत आला होता. रस्ता तोच, घाट तोच, ड्रायव्हरही आपलेच. अजून तिथे माणसं मरतात. काम संपलेलं नाही. पण जे टळत नाही असं म्हणत होतो, ते टळलं.

महाडचं उदाहरण तर जगाला माहीत आहे. कोकणात लाल विंचू चावला की माणसं, विशेषतः लहान मुलं, पटापट दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले आणि दर तासाला काय होतं ते लिहीत गेले. १९८२ मध्ये ती निरीक्षणं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध त्यांनी वापरलं आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या गोष्टीत सगळ्यात मोलाची वाटते ती वही. ‘विंचवानं पोर गेलं’ एवढ्यावर सगळे थांबत होते, तिथे एक तरुण डॉक्टर लिहीत बसला.

आता उपाय कोणते निवडायचे, त्याबद्दल. आपल्याकडे उपाय म्हटलं की फलक. ‘सावधान, पुढे वळण आहे.’ ‘पाण्यात उतरू नये.’ ‘फवारणी करताना काळजी घ्यावी.’ मी शब्दांवर जगणारा माणूस, शब्दांना कमी लेखणार नाही. पण जिथे कठडा हवा तिथे वाक्य लावून भागत नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात पडले. कित्येकांची दृष्टी काही काळ गेली. तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले, ‘मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत.’ खरं आहे. पण जरा त्या शेतात उभं राहून बघा. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढलेली. फवारा वर मारावा लागे आणि तो अंगावरच खाली येई. पाठीवर जोरदार पंप. ऑक्टोबरचं ऊन. त्या उन्हात रबरी मोजे आणि जाड कोट घालून दिवसभर काम करा, असं सांगणारा माणूस स्वतः तासभर तरी तसा राहू शकेल का? आणि फवारणारा पुष्कळदा मजूर. औषध कोणतं आणायचं, किती मिसळायचं, हे त्याच्या हातात नव्हतंच. सल्ला त्याला दिला. निर्णय मात्र दुकानदार, कंपनी आणि परवाना देणारं सरकार यांच्याकडे होते.

शेजारच्या श्रीलंकेनं दुसरी वाट धरली. १९९५ पासून टप्प्याटप्प्यानं तिनं सर्वांत जहाल कीटकनाशकं बाजारातूनच काढून टाकली. तिथे विष घेऊन जीव देण्याचं प्रमाण भयंकर होतं. पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचा दर साधारण सत्तर टक्क्यांनी खाली आला. दुःखं संपली नव्हती. पण दुःखाच्या त्या एका क्षणी हाताशी येणारी बाटली पूर्वीइतकी जहाल नव्हती, आणि तो क्षण निघून गेल्यावर माणूस जगत राहिला.

बांगलादेशाचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. तिथे गावागावांत तळी. एक ते चार वर्षांची मुलं बुडून मरायची. नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की बहुतेक मुलं सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान जातात, जेव्हा आई स्वयंपाकात किंवा कामात असते. मग त्या चार तासांसाठी गावातल्याच एका बाईकडे मुलं सांभाळायची सोय केली. या पाळणाघरांना नाव दिलं ‘आंचल’. आंचल म्हणजे पदर. तिथल्या अभ्यासांत असं दिसलं, की पदराखाली आलेल्या मुलांचं बुडणं कितीतरी पटींनी घटलं. आईला ‘लक्ष ठेव गं’ असं सांगण्यापेक्षा तिच्या चार तासांची सोय लावणं, यात तिचा मान आहे. आपल्याकडे अंगणवाड्या आहेत. वीटभट्टीवर, उसाच्या फडावर आईबरोबर गेलेलं मूल दिवसभर ट्रॅक्टरच्या चाकाजवळ, कालव्याच्या काठाला खेळत असतं. अंगणवाडी त्याच्यापर्यंत पोचली, तर तोही इजा-प्रतिबंधच.

यंत्रांचंही तेच. दिल्लीच्या आय.आय.टी.तले दिवंगत प्राध्यापक दिनेश मोहन यांनी हरियाणातल्या कडबाकुट्टीच्या इजा अभ्यासल्या. ‘हात जपा’ असं शेतकऱ्यांना सांगून ते थांबले नाहीत. हात पात्यापर्यंत जाण्याआधी अडावा असा रूळ, पात्याला झाकण आणि मुलांनी खेळताना चाक फिरवू नये म्हणून त्याला कुलूप, अशी रचना त्यांच्या गटानं केली.

तर मग राज्याचा कार्यक्रम आखायचा कसा? माझ्या समजुतीप्रमाणे पाच गोष्टी.

पहिली, एक दार. आज रस्ता बांधकाम खात्याचा, गाडी परिवहनची, पंचनामा पोलिसांचा, जखमी आरोग्य खात्याचा, शेततळं कृषी खात्याचं, विजेची तार वीज कंपनीची, मूल महिला-बालकल्याणचं. सगळ्यांचं असलेलं काम कुणाचंच नसतं. या सर्वांना एका टेबलाशी बसवणारा आणि उत्तर द्यायला बांधील असलेला एक अधिकारी राज्यात हवा, जिल्ह्यात हवा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये अनवधानानं होणाऱ्या इजा रोखण्यासाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केलं आहे. त्याला मराठी मुलखात हात-पाय फुटले पाहिजेत.

दुसरी, एक वही. रस्त्यांसाठी ती तयार होते आहे. अपघातांची एकत्रित नोंद ठेवणारी ‘आयरॅड’ ही संगणकीय पद्धत ज्या पहिल्या सहा राज्यांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र होता. पण विहीर, साप, कडबाकुट्टी, फवारणी यांच्या नोंदी वेगवेगळ्या कपाटांत पडून आहेत. पोलिसांचा पंचनामा, सरकारी दवाखान्याचा केसपेपर, १०८ चे कॉल आणि तहसीलमधली अनुदानाची फाईल, या चारांतून नावं वगळून कुठे, कधी, कशानं एवढं काढलं, तरी नकाशा उभा राहतो. रस्त्यावर पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत दहा माणसं गेली, तर त्या जागेला ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणतात आणि दुरुस्ती सुचवतात. विहिरीला असा नियम का नसावा? तिला दहाची वाट बघायची गरज नाही. एक पुरे.

तिसरी, निवड. सगळं एकदम करायला गेलं की काहीच होत नाही. प्रत्येक जिल्ह्यानं आपल्या नोंदी बघून तीनच कारणं निवडावीत. यवतमाळची वेगळी असतील, बीडची वेगळी, रायगडची वेगळी. मुंबईला लोकलचे रूळ आहेत. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत उपनगरी रेल्वेवर दोन हजारांहून अधिक माणसं गेली. वडाळ्याजवळ २०१० मध्ये एक साधा प्रयोग झाला होता. रुळांखालचे स्लीपर काही अंतरानं पिवळे रंगवले, म्हणजे येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्यांना कळावा. नुसत्या सूचनेच्या जागी घाबरलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा फोटो लावला. रूळ ओलांडताना होणारे मृत्यू तिथे घटले. असले उपाय मुंबईचे; डहाणूच्या पाड्यावर त्यांचा उपयोग नाही. तिथे घट्ट खोचलेली मच्छरदाणी, झोपायला खाट आणि जवळच्या केंद्रात सर्पविषावरची लस व ती टोचायला शिकलेला डॉक्टर, हे लागतं.

चौथी, उपायांचा क्रम. आधी वस्तू आणि जागा बदला, मग नियम करा आणि तो पाळला जातोय का बघा, सगळ्यात शेवटी उपदेश. आपण आजवर हा क्रम उलटा चालवला. हेल्मेटसारख्या गोष्टीला नियमाशिवाय गत्यंतर नाही, हे मान्य करावं लागेल. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची. आपल्या राज्याचा वाटा १५,२२४. डोकं ज्याचं त्याचं, हे खरं. पण ते फुटल्यावर रडणारं घर त्याचं एकट्याचं नसतं.

पाचवी, पुन्हा मोजणं. तीन वर्षांनी तीच वही उघडायची. आकडा खाली आला नसेल तर उपाय बदलायचा. उद्घाटनाच्या फोटोवर कार्यक्रमाचं यश ठरवायचं नाही.

आणि इजा झालीच, तर तिचं मरण होऊ नये याचीही तयारी हवी. १०८ ची सेवा राज्यात जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांनी छळू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये बजावलं आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातच तसं कलम आलं. तरीही रस्त्यावर माणूस पडलेला दिसला की आपण ‘नंतरची कटकट’ आठवून पुढे जातो. ही कटकट कायद्यानं काढली आहे, हे घरोघरी सांगायला हवं. उपदेश करायचाच असेल तर तो इथे करावा.

शेवटी नशिबाबद्दल. हे सगळं बोलणारा माणूस नशीब मानत नाही की काय, असं मला कुणीतरी विचारेलच. मी श्रद्धावान माणूस आहे. आमच्याकडे लहानपणापासून एक गोष्ट सांगतात. एका माणसानं पैगंबरांना विचारलं, की उंट बांधून ठेवून अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून ठेवू? त्याला सांगण्यात आलं, आधी बांध आणि मग भरवसा ठेव. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ असं म्हणणाऱ्याला मराठी माणूसही हसतच आला आहे. श्रद्धेच्या या दोन्ही परंपरांमध्ये दोर बांधण्याचं काम माणसाकडेच दिलेलं आहे. तेवढं करून झाल्यावर जे उरेल, त्याला खुशाल नशीब म्हणा.

राज्याचा कार्यक्रम मुंबईत आखला जाईल तेव्हा जाईल. तोवर तुम्ही एक करू शकता. पुढच्या ग्रामसभेत, किंवा शहरात असाल तर सोसायटीच्या, प्रभागाच्या बैठकीत उठून विचारा: गेल्या तीन वर्षांत आपल्या हद्दीत कोण कोण इजा होऊन गेलं, आणि ज्या ज्या जागी गेलं त्या जागेत आज काय बदललं आहे? उत्तर मिळालं तर ते वहीत लिहून ठेवा. नाही मिळालं, तर प्रश्नच लिहा, आणि त्याच्या पुढे तारीख घाला.